आधीचा फोटो

आमच्या गावात माणसाचे दोन फोटो निघत, एक आधीचा आणि एक नंतरचा. आधीच्याला काही लागत नसे, तुम्ही काळे असलात की झालं. नंतरच्यासाठी मात्र सुधारावं लागे.

ही पद्धत पाद्रीसाहेबांची. ते आणि त्यांच्या बाई आले तेव्हा गावाला गाव म्हणणं हे कौतुकच होतं. कोळसा लागला म्हणून माणसं आली, माणसं आली म्हणून पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, खोल्यांपाठोपाठ दारूची दुकानं आली आणि दुकानांपाठोपाठ पाद्रीसाहेब. खाणीच्या मागे टेकडी, टेकडीमागे सरहद्दीची तार, आणि तारेपलीकडची जमीन कुणाची यावर दोन्हीकडचे शिपाई अजून भांडत होते. साहेबांचं सामान उतरलं तेव्हा पेंढ्यात बांधलेल्या काचांच्या पेट्यांवर पेट्या निघाल्या. मुकादम खूश झाला. म्हणाला, "चला, देव येवो न येवो, खिडक्या तरी येतायत."

खिडक्या आल्या नाहीत. त्या काचांवर आमची तोंडं यायची होती.

आधीचा फोटो खाणीच्या तोंडाशी निघे. माणसं खाली-वर नेणारा पाळणा वर आला, पाळी सुटली, की बाई तिपाई रोवून तयार. अट एकच, तोंड धुवायचं नाही. त्यासाठी साहेब स्वतः पाण्याच्या पिंपापाशी पहारा देत. हातपाय धुऊ नका म्हणून सांगणारा धर्मोपदेशक आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांच्या मंडळाला लांबच्या शहरात हे फोटो दाखवून वर्गणी मिळवायची होती, आणि वर्गणी देणाऱ्याला माणूस काळाकुट्ट दिसला की पाझर फुटतो, धुतलेला दिसला की तो म्हणतो, याला काय झालंय?

नंतरचा फोटो मिशनच्या बैठकीत. दारू सोडल्याची शपथ घ्यायची, मागच्या मोरीत आंघोळ करायची, केस विंचरायचे, मिशनचा कोट चढवायचा. कोट एकच होता. किडकिडीत माणसाला तो मागून चिमटे लावून आवळत, जाड्यासाठी तो मागून उसवून ठेवलेला होताच. त्यामुळे गावातला प्रत्येक सुधारलेला माणूस समोरून सभ्य होता. मागून कुणाचाही फोटो साहेबांनी काढला नाही.

आणखी एक गोष्ट. आधीच्या फोटोत दोघादोघांना एका काचेवर उभं करत. काच लांबून यायची, वाटेत फुटायची, जपून वापरावी लागे. नंतरच्याला मात्र माणसागणिक स्वतंत्र काच. "आधीची माणसं तशी सारखीच दिसतात," साहेब म्हणायचे. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं. सगळ्या जोड्या बैठकीतल्या एका मोठ्या पाटीवर लावलेल्या असत. डावीकडे भुतं, उजवीकडे जावई. गाव ती पाटी बघायला यायचं. एका पठ्ठ्याने तीनदा दारू सोडली आणि तीनदा फोटो नेला. एकाची बायको बाईंना म्हणाली, "ते नंतरचे मला द्या, आधीचे तुम्हीच ठेवून घ्या."

बैठकीला लागून बाईंची अंधारी खोली होती. फटींना काळा कपडा, दिव्याला तांबडी काच, टेबलावर थाळ्या. साहेब बोलायचे आणि बाई काढायच्या, धुवायच्या, छापायच्या. पाद्रीपणाचं जे काही काम हाताने करावं लागतं ते बाईंकडे होतं.

आता शिट्टी आणि घुम्या.

ही खाणीतली जोडी. एक कोळसा फोडायचा, दुसरा भरायचा, आणि मधेच अदलाबदल करायचे. दोघं एका उंचीचे, एका हाडाचे. शिट्टी सतत शिट्टी वाजवायचा म्हणून शिट्टी. पाळणा खाली जाताना त्याची शिट्टी बारीक बारीक होत जायची आणि वर येताना पाळण्याआधी ती यायची. घुम्या बोलायचाच नाही. त्याला विचारलं, जेवलास का, तर तो विचार करून मान हलवायचा. पण दोघांचं जमायचं, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं हे संसारातसुद्धा इतकं सुखाने जमत नाही.

शिट्टीच्या घरी फक्त आई. तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. गावाचं धुलाईघर तिचं. खाणीतले कपडे सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालून, बडवून, पिळून, ठिगळं लावून परत करायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच कपडे तितकेच काळे होऊन परत यायचे. एखादा वर्षभरात वैतागला असता. मावशी वैतागायची नाही, फक्त तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. घुम्याच्या घरी नवी नवरी होती. लग्न नातेवाइकांनी जुळवलेलं, मुलगी लांबून आलेली, अजून गावाला सरावली नव्हती. दुहेरी पाळी करून नवरा घरी यायचा तो काळा, न्हाणीत जायचा, जेवायचा, आडवा व्हायचा आणि उजाडायच्या आत जायचा.

शिट्टीला नंतरचा फोटो हवा होता. स्वतःसाठी नव्हे, आईने मागितला होता. त्या पाटीसमोर उभी राहून मावशी म्हणाली होती, "आयुष्यभर गावाचा कोळसा धुतेय, पोराचं स्वच्छ तोंड भिंतीवर असावं की नाही?" म्हणून शिट्टी एका रविवारी बैठकीत गेला.

"साहेब, माझा नंतरचा कधी काढता?"

"शपथ घेतलीस?"

"कसली?"

"दारू सोडल्याची."

"मी पीत नाही."

"कधीपासून सोडलीस?"

"धरलीच नाही कधी. वास आला की मळमळतं."

"मग पत्ते, जुगार?"

"पानं ओळखू येत नाहीत मला."

"शिव्या?"

"देतो, पण प्रेमाने. आणि आई नसताना."

बैठकीत हशा झाला. साहेब हसले नाहीत. ते सज्जन होते, पण त्यांच्या पाटीवर या माणसाला जागा नव्हती. आधीचा वाईट आणि नंतरचा चांगला, अशी ती मांडणी. आधीपासूनच चांगला असलेल्या माणसाचं करायचं काय, हा प्रश्न त्यांना कुणी शिकवला नव्हता. "बघू," ते म्हणाले. "विचार करतो."

सोबत्यांनी शिट्टीला सल्ला दिला, "अरे, चार दिवस पी आणि सोड. फोटोपुरतं एवढं करवत नाही तुला?" त्याने खरंच एकदा ग्लास तोंडाला लावून बघितला आणि दुकानाबाहेर जाऊन ओकला. शेवटी मावशी स्वतः मिशनवर गेली.

"का हो साहेब, चांगल्या माणसाचा फोटो निघत नाही का तुमच्या यंत्रातून?"

"तसं नाही मावशी. या दोन फोटोंत फरक दिसायला हवा. लोकांना बदल दिसायला हवा."

"मग माझ्याकडे पाठवा. मी धुते त्याला, बघा फरक पडतो की नाही."

बाईंना हसू आलं. साहेब म्हणाले, "पहिल्यांदा त्याचा आधीचा तरी होऊ दे. मग बघू."

तर असा त्याचा आधीचा फोटो निघाला. दिवस ढगाळ होता, त्यामुळे यंत्राच्या भिंगावरचं टोपण जास्त वेळ उघडं ठेवावं लागणार होतं. शिट्टी आणि घुम्या पहिली पाळी करून वर आले होते, आणि जरा वेळाने लगेच दुसऱ्या पाळीला उतरायचे होते. साहेब पिंपापाशी, पाठ करून, मुकादमाला काहीतरी समजावत होते. बाईंनी दोघांना रुळावरच्या कोळशाच्या डब्याला टेकून उभं केलं. घुम्या उभा राहिला तो खांबासारखा. शिट्टीला शिट्टी बंद करायला सांगावं लागलं.

"बाई, तोंड धुतो ना. एवढं चोळत नाही, नुसतं पाणी मारतो."

"आधीच्यात धुवायचं नसतं."

"नाक तरी? आईला नाकावरून ओळखू येतो मी."

"नंतरच्यात नाक धू. आता हलू नकोस."

बाईंनी टोपण काढलं आणि मनात मोजायला लागल्या. तेवढ्यात फाटकातून हाक आली, "अरे ए बाळा! डबा विसरलास की रे!" मावशी डबा घेऊन उभी होती. आणि त्याने वळून बघितलं. अगदी पटकन वळला आणि पुन्हा समोर बघायला लागला, पण काचेला पटकन वगैरे काही कळत नाही.

बाईंनी टोपण लावलं. "हललास ना शेवटी!"

"आईने हाक मारल्यावर काय करू, बाई? दगड आहे का मी?" मग घुम्याकडे बघून म्हणाला, "हा आहे दगड. याला आई नाही म्हणून."

घुम्याने त्याला कोपराने ढोसलं. त्या दिवशी तो एवढंच बोलला.

बाईंनी विचारलं, "अहो, हा हलला. दुसरी काच घेऊ का?"

साहेबांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "आधीचाच आहे ना? राहू दे. नंतरचा नीट काढू."

हे वाक्य ते इतक्या सहज बोलून गेले की पुढे उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही इतक्या सहज म्हटलं नसेल.

दुसऱ्याच आठवड्यात खालच्या बोगद्यात आग लागली. बाकीची माणसं वर आली, ही जोडी तेवढी आली नाही. आग पसरू नये म्हणून कंपनीने बोगद्याच्या तोंडाशी भिंत घातली, आणि जे काय होतं ते भिंतीपलीकडे राहिलं. शेवटचं तोंड बघायचं असतं, तेही कुणाला मिळालं नाही. पाळणा वर येई आणि त्याच्या आधी काहीच ऐकू येत नसे.

मावशीने धुलाईघर बंद ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी चूल पेटवली आणि सोडा घातला. पण तिच्या तोंडाचा पट्टा बंद झाला, तेव्हा गावाला कळलं की तो आवाज होता म्हणून सकाळ झाल्यासारखी वाटायची.

मग एका दुपारी ती मिशनवर आली. ओले हात पदराला पुसत बाईंना म्हणाली, "त्याचा तो काळा तरी दाखवा."

बाईंनी छापलेला फोटो खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला. त्यात दोन माणसं उभी होती. डोक्यावर तीच टोपी, गळ्यात तोच रुमाल, अंगावर तोच काळेपणा. डाव्या माणसाचं तोंड लख्ख उमटलं होतं, डोळे, दात, गालावरचा घामाचा ओघळसुद्धा. उजव्याच्या खांद्यावर तोंड नव्हतं. तिथे धुराचा एक फराटा होता आणि त्यात एक कान.

मावशीने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. आणि डाव्यावर बोट ठेवलं.

"हा माझा."

बाई काही बोलणार तोच दारातून आवाज आला, "नाही हो मावशी. ते हे आहेत. म्हणजे आमचे." घुम्याची बायको उंबऱ्यात उभी होती. तीही त्याच फोटोसाठी आली होती.

"तुला काय ठाऊक?" मावशी म्हणाली.

"ते असेच उभे राहायचे. हात मागे धरून."

"हात मागे तर मुकादमही धरतो. हे ठिगळ बघ कोपरावरचं. माझ्या हातचं आहे, आडवा टाका माझाच असतो."

"यांच्या सदऱ्यालासुद्धा ठिगळ तुम्हीच लावलं होतं, मावशी."

हे खरं होतं. गावातल्या एकूण एक कोपराला मावशीचाच टाका होता. मग मावशी असं काही बोलली जे तिच्या तोंडी शोभलं नाही.

"अगं, तुझं लग्न होऊन दिवस किती झाले? मी त्याला नऊ महिने पोटात वागवलंय. पोराला आई ओळखणार नाही तर काय तू ओळखणार?"

पोरीचा चेहरा उतरला. ती पुन्हा फोटोकडे वाकली, आणि या खेपेला तिची नजर आधीसारखी नव्हती. "ते घरी यायचे तेव्हा मला त्यांची पाठच दिसायची," ती म्हणाली. ती कुणाशी बोलत होती ते कळलं नाही. "तोंड धूत असायचे. मी पाणी ओतायची."

उजव्या माणसाबद्दल दोघींपैकी कुणी एक अक्षर काढलं नाही. आपला माणूस तो नसावा, एवढं एकच दोघींना हवं होतं.

त्या गेल्यावर साहेब आतून आले. पत्र्याच्या भिंती, सगळं ऐकलं होतं. (आम्हीही त्यामुळेच ऐकलं.)

"त्या दिवशी मी पाठमोरा होतो," ते म्हणाले. "कोण हललं ते तुला ठाऊक असेल."

"आहे."

"मग सांगून टाक. म्हातारीचं चुकतंय का?"

"चुकतंय. आणि काय सांगू तिला? तुम्ही हाक मारलीत आणि त्यापायी तुमचं पोर पुसलं गेलं, असं सांगू?"

"पण त्या मुलीचं काय? तिचं तर खरं आहे."

"तुम्हीच सांगा ना मग. खरं बोलायचं काम तुमचं आहे." बाईंचा आवाज चढत नसे, त्या दिवशी चढला. "एक घडाभर पाणी मारू दिलं असतं त्याला. एक काच दिली असती. तो दारू पीत नव्हता हा काय त्याचा गुन्हा झाला?"

साहेब पाटीकडे बघत राहिले. डावीकडची भुतं आणि उजवीकडचे जावई त्यांच्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "दोन काढ. दोघींना देऊ."

असा तोडगा निघाला. पुराणातल्या राजाला एकाच मुलावर दोन आया हक्क सांगतात तेव्हा तलवार मागवावी लागते. साहेबांकडे यंत्र होतं, त्यांना तलवारीची गरज पडली नाही. कागद आणखी एक लागला एवढंच. आणि ते खोटंही बोलले नाहीत. कागदामागे कुणाचं नाव लिहिलं नाही, एवढ्यावर भागवलं.

उरलेलं बाईंनी केलं. काच कापायच्या हत्याराने मधोमध रेघ ओढून त्या काचेचे दोन तुकडे केले. घुम्याच्या तुकड्यावरून दोन फोटो छापले. शिट्टीचा तुकडा हातात घेऊन त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. तो तसाच ठेवला तर कधीतरी म्हातारीच्या नजरेला पडेल, नाहीतर साहेबांचं सत्य एखाद्या दिवशी उसळून येईल. त्यांनी तो सोड्याच्या गरम पाण्यात सोडला. फराटा सैल झाला, कडेने उचलला गेला आणि सायीसारखा पाण्यावर आला. आधीच्या छापातली उजवी बाजू कापून चुलीत घातली. आपण एक दयेचं काम केलं, अशा समाधानाने त्यांनी हात पुसले. माणूस दया करतो तेव्हा ज्याच्यावर करतो त्याला विचारायचं सुचत नाही, तेवढं एक राहून जातं.

मावशीने तिचा फोटो धुलाईघरात वाफ लागणार नाही अशा भिंतीवर लावला. पोरीने आपला ट्रंकेत ठेवला. बाजूबाजूच्या खोल्यांत एकच माणूस दोन घरचा झाला. दोघी पाण्याला जाताना एकमेकींना टाळायच्या.

मिशनमधली पाटी एके दिवशी उतरलेली दिसली. साहेबांनी कुणाला काही सांगितलं नाही. पण त्यानंतर ते रविवारी दारात खुर्ची टाकून बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणत, "तोंड धुऊन ये रे, फोटो काढू." शपथ विचारत नसत. पिणारा, न पिणारा, कुणीही चाले, आणि प्रत्येकाला स्वतंत्र काच. माणसं सवयीने कोट मागायची. साहेब म्हणायचे, "राहू दे, आहे तसाच बस." मंडळाकडून चिठ्ठ्या आल्या की हे काय पाठवता, यात आधी कुठे आणि नंतर कुठे? साहेबांनी त्यांना काय कळवलं माहीत नाही. पण काचांच्या पेट्या यायच्या कमी झाल्या.

थंडी सरताना पोरीचा भाऊ कोळशाच्या गाडीतून तिला न्यायला आला. इथे तिचं काय उरलं होतं? ट्रंक गाडीत चढवून ती धुलाईघराच्या दारात आली. मावशी कोपरापर्यंत फेसात होती.

"मावशी, हा तुमच्याकडे ठेवा." तिने फोटो पुढे केला.

"का गं? तुझा आहे तो."

"तुम्ही म्हणालात तुमचा आहे. तुम्ही आई, तुम्हाला कळणारच. मी काय, मला आता डोळे मिटले तरी फोटोतलंच तोंड दिसतं, खरं तोंड कसं होतं ते आठवत नाही." तिने फोटो कोरड्या कपड्यांच्या चळतीवर ठेवला. "दुसऱ्याच्या मुलाचा फोटो माहेरी कुठल्या तोंडाने नेऊ? आजवर ठेवून घेतला, राग धरू नका."

मावशीच्या ओठांवर आलं होतं. ती शपथेवर सांगते की आलं होतं. पण हात ओले होते, गाडीने भोंगा दिला, भावाने हाक मारली, आणि पोरगी वळली. कबूल व्हायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढी गाडी थांबत नाही. मावशी फेसाच्या हातांनी रस्त्यापर्यंत धावली. वळणावर गाडीची नुसती धूळ होती, आणि पोरीच्या माहेरचा पत्ता गावात कुणालाच ठाऊक नव्हता. घुम्याला ठाऊक असेल, पण तो कधी बोललाच नव्हता.

दुपारी मावशी दोन्ही फोटो घेऊन मिशनवर आली. साहेब-बाईंची बांधाबांध चालली होती, मंडळाने त्यांना परत बोलावलं होतं. बैठकीत पेंढा पसरला होता. मावशी एका पेटीवर बसली आणि दोन्ही फोटो मांडीवर शेजारीशेजारी ठेवले.

"बघा बाई. दोन-दोन घुम्ये झालेत माझ्याकडे. आणि माझा एकही नाही."

बाईंच्या हातातला पेंढा हातातच राहिला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय? मी फाटकात उभी नव्हते का? वळून बघितलं ते माझ्याकडेच ना? तुम्ही त्याला ओरडलात तेही ऐकलं मी. डोळे गेलेत माझे, कान नाहीत."

"मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी तो फराटा बघवला नाही मला. मीच केलेला होता ना तो. म्हटलं, निदान तोंड असलेलं काहीतरी भिंतीवर असावं. कोळशाखाली काय, हा काय आणि तो काय, माझ्या हाताखालचेच दोघं." तिने एका फोटोवर बोट ठेवलं. "पण हे पोरगं रोज सरळ बघतं हो माझ्याकडे. सभ्यपणाने. माझा कधी असा सरळ उभा राहिला का? तो वळला तसाच होता. मी हाक मारली की बघायचाच." तिने नाक ओढलं. "त्या पोरीचं तर मी पुरतं वाटोळं केलं. तिला परत द्यायचा तर ती गेली. आता माझा मला द्या. तो हललेला. फराटा तर फराटा. बघताना मला तरी कळेल की माझ्याकडे बघतोय."

साहेब दारात येऊन उभे होते. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई खाली बघत होत्या.

"मावशी, ती काच..." बाईंनी हातातला पेंढा खाली ठेवला. "मी धुतली."

"धुतली?"

"तुम्हाला दिसू नये म्हणून. मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल."

"कशाने धुतली?"

"सोड्याने. गरम पाण्यात."

मावशीने मान हलवली. रागाने नाही. कपड्यावरचा डाग निघणार की नाही हे ती गिऱ्हाइकाला सांगायची तशी. "मग काही राहायचं नाही," ती म्हणाली. "सोड्यापुढे काही टिकत नाही."

साहेब पुढे आले, खाली बसले, म्हाताऱ्या बाईच्या पायांशी त्या पेंढ्यात. "मावशी, चूक माझी आहे. त्याला तोंड धुऊ द्यायला हवं होतं मी. एक काच होती माझ्याकडे त्या दिवशी. होती."

"होती ना," मावशी म्हणाली. तिने त्यांचं सांत्वन केलं नाही, आणि ते बरंच केलं.

मग उठताना म्हणाली, "ती धुतलेली काच तरी आहे का? की तीही फुटली?"

ती होती. बाईंनी पेटीच्या तळातून काढून दिली. हाताएवढा कोरा तुकडा, एका कडेला कापल्याची धार. मावशीने तो उजेडाकडे धरून आरपार बघितलं. आरपार मिशनचं अंगण दिसलं, पिंप दिसलं, आणखी काही नाही. ती तो पदरात गुंडाळून घेऊन गेली. घुम्याचे दोन्ही फोटोही नेले. "याचे कपडेही मीच धुवायचे," म्हणाली. "राहू दे भिंतीवर. त्याला तरी कोण आहे?"

साहेब आणि बाई गेले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, दारूची दुकानं मात्र आहेत तशीच आहेत. मिशनच्या बैठकीत आता कंपनीचं दोरखंड ठेवायचं कोठार आहे.

धुलाईघराच्या खिडकीला एक फट होती, तिथून थंडीत वारा यायचा. तो तुकडा तिथे बरोबर बसला. मावशी पहिल्यासारखी बोलायला लागलीय, गिऱ्हाइकांना झापते, सोडा महागला म्हणून कंपनीला शिव्या देते. दर आठवड्याला खुर्चीवर चढून साऱ्या खिडक्या घासूनपुसून लख्ख करते. इथे खिडकी दोन दिवसांत काळी होते, म्हणून पुसावीच लागते.

तो एक तुकडा मात्र ती पुसत नाही.